श्वास अडला की थांबा : आसनांबद्दल तुमचे प्रश्न

जूनमधला योग दिन झाला की या सदराकडे आसनांवरचे प्रश्न भरभरून येतात, यंदाही आलेत, इमेल आहेत, व्हॉट्सअ‍ॅप आहेत, दोन तर चक्क पोस्टकार्डं आहेत. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाही म्हणून ज्यांच्यात बऱ्याच जणांचा प्रश्न येऊन जातो असे सहा निवडलेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची, बँकेत नोकरी, रोज डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी. सोसायटीत सकाळी योगाचा क्लास सुरू झालाय तिथे जाते. पण मिस्टर म्हणतात व्यायामच करायचा तर फास्ट वॉक कर नाहीतर जिम लाव, हातपाय ताणून नुसतं थांबून काय होणार. आणि क्लासच्या मॅडम सारखं म्हणतात की आसनं मनासाठी असतात. गुडघा वाकवल्याने मनाला काय होतं ते मला अजून खरंच कळलेलं नाही.

उत्तर : हा प्रश्न मनात असूनही विचारायचा राहून जातो आणि लोक वर्षानुवर्षं आसनं करत राहतात, म्हणून तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. आधी मिस्टरांचं म्हणणं घेऊ, ते चुकीचं नाहीये. दम वाढवायचा तर भरभर चालायलाच हवं, स्नायूंची ताकद वाढवायची तर वजन उचलायला हवं. नेहमीची सावकाश केलेली आसनं या दोन्हींची जागा घेत नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे.

पतंजलींची योगसूत्रं जवळपास दोनशे आहेत, त्यात आसनावर थेट अशी फक्त तीन. पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे ज्यात शरीर स्थिर राहतं आणि सुखातही असतं ते आसन. दुसऱ्यात ते साधायचं कसं ते सांगितलंय, प्रयत्न सैल सोडायचा आणि चित्त अनंतावर लावायचं. तिसऱ्यात फळ, की मग थंडी-ऊन, सुख-दुःख असल्या जोड्यांचा मार बसत नाही. संपलं. पाय कुठे, हात कुठे, किती वाकायचं, सूत्रात काही नाही, कारण त्यांच्या डोळ्यासमोर ध्यानाला बसलेला माणूस आहे. आज रात्री करून बघा, जमिनीवर मांडी घालून, पाठ ताठ ठेवून वीस मिनिटं न हलता बसा. थोड्याच वेळात कंबर बोलायला लागेल, मग पायाला मुंग्या, मग गुडघा, आणि मनाचं म्हणाल तर ते त्या गुडघ्यापाशीच जाऊन बसलेलं असेल, दुसरं काही सुचणारच नाही. शरीराची ही कुरकुर थांबावी, त्याने मनाच्या वाटेतून बाजूला व्हावं, हा आसनांचा मूळ हेतू. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माऊली आधी जागा कशी असावी ते सांगतात, मग आसन कसं अंथरावं, मग बसावं कसं, आणि त्यानंतर पुढचा सगळा अनुभव, तो क्रम उगीच नाही.

पुढे साधारण पंधराव्या शतकात स्वात्मारामांची हठप्रदीपिका आली, तिने आसनाला हठयोगाचं पहिलं अंग केलं आणि फायदे तीन सांगितले : स्थैर्य, आरोग्य आणि अंगलाघव, म्हणजे अंग हलकं वाटणं. तीनच. त्यात वजन नाही, सिक्स पॅक नाही, चेहऱ्यावरचा ग्लो नाही. मला वाटतं आपल्या क्लासेसनी हे तीन शब्द भिंतीवर लिहून ठेवले तर निम्मे गैरसमज दारातच संपतील.

आता मनाचं. हृदयाचे ठोके, पचन, घाम, बीपी हे सगळं आपली स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता चालवते. तिला दोन बाजू आहेत, एक धावपळीची आणि एक विसाव्याची. सकाळी ८ च्या लोकलमध्ये चढताना किंवा टार्गेटच्या मीटिंगमध्ये पहिली बाजू जोरात असते आणि ती असायलाच हवी, अडचण अशी की रात्री घरी येऊन जेवलं, टीव्ही बंद केला, आडवं झालं तरी ती खाली उतरत नाही. आता हृदयाला काही हुकूम देता येत नाही की बाबा ठोके कमी कर. श्वास मात्र असा आहे की तो आपोआपही चालतो आणि आपण ठरवलं तर आपल्या हातातही येतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, निरोगी तरुण माणसाच्या ईसीजीवर हे साधं दिसतं. उच्छ्वास सावकाश आणि लांब केला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत ती विसाव्याची बाजू जोर धरते. म्हणून आसनात श्वासावर एवढा भर आहे. श्वास वगळून केलेलं आसन हे स्ट्रेचिंग आहे, वाईट नाही, पण तेवढंच आहे.

दुसरं म्हणजे स्नायू. ताणातल्या माणसाकडे नीट बघा, खांदे कानाकडे चढलेले, दात आवळलेले, कपाळाला आठी, पोट खेचलेलं, आणि त्याला स्वतःला यातलं काहीच माहीत नसतं. हे आवळलेपण मेंदूला कळतच असतं आणि मेंदू समजतो की अजून सावध राहायचंय. आसनात तुम्ही एकेक भाग सावकाश ताणता, धरता आणि मग सोडता, त्या सोडण्यात पहिल्यांदा कळतं की अरे, हा खांदा सकाळपासून वर होता. चालताना फोनवर बोलता येतं, जिममध्ये गाणी लावता येतात, पण वृक्षासनात एका पायावर उभं राहून उद्याच्या ऑडिटचा विचार करा बघू, तोल लगेच जाईल. लक्ष इथेच ठेवायला शरीरच भाग पाडतं.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात मोलाची वाटते ती. वीरभद्रासनात, म्हणजे पाय लांब ठेवून पुढचा गुडघा वाकवून उभं राहिलं की, मांडी थरथरायला लागते, सोडून द्यावंसं वाटतं, आणि तेवढ्यात तुम्ही चेहरा सैल ठेवून दोन श्वास शांतपणे घेता. थोडं अवघड आहे, तरी श्वास बिघडू द्यायचा नाही, याची ही रोजची तालीम आहे, आणि पुढे कधीतरी काउंटरवर एखादा कस्टमर आवाज चढवतो तेव्हा तुमच्या लक्षात येतं की आपला श्वास अजून जागेवर आहे. गुडघा वाकवल्याने मनाला काय होतं, तर हे होतं.

मिस्टरांना आपल्या लोणावळ्याचीही गोष्ट सांगा. स्वामी कुवलयानंदांनी, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, १९२४ साली तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आत काय घडतं ते त्यांनी एक्स-रे काढून, दाब मोजून तपासलं. हे पुरावा मागणारे योगी होते, म्हणून शंका घेणं हे योगाच्या विरोधात आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आणि हो, चालणं सोडू नका, संध्याकाळी दोघं मिळून चाला आणि सकाळी क्लासला जा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, नाशिकला, आयटीत वर्क फ्रॉम होम करतो. रोज घरी पश्चिमोत्तानासन करतो पण हात पायाच्या बोटांना लागतच नाहीत, रील्समध्ये लोक कपाळ गुडघ्याला लावतात. पद्मासनात उजवा गुडघा दुखतो, मी रेटून बसतो, सवयीने जाईल ना?

उत्तर : नाही जाणार, आणि पद्मासन आजपासून बंद कर. गुडघा हा मुख्यतः उघडमीट करणारा सांधा आहे, पद्मासनाला जो पीळ लागतो तो मांडीच्या वरच्या, म्हणजे खुब्याच्या सांध्यातून यायला हवा. दिवसभर खुर्चीत बसून तो खुबा आखडलेला असतो, तो फिरत नाही, मग तू पाय वर खेचलास की तो सगळा पीळ गुडघ्यावर पडतो आणि आतली गादी दुखावते. ती एकदा फाटली की फार त्रास देते रे. तोपर्यंत साधी मांडी घाल, खाली घडी केलेलं ब्लँकेट घे, आणि बद्धकोनासन, म्हणजे तळवे जोडून बसायचं, तेही गुडघे खाली न दाबता. खुबा मोकळा व्हायला महिने लागतात, काहींचा हाडांच्या ठेवणीमुळे कधीच पूर्ण होत नाही, आणि त्याने काहीही बिघडत नाही. साध्या मांडीतही पाठ ताठ राहून श्वास शांत चालला तर पतंजलींची अट पूर्ण झाली.

आता पश्चिमोत्तानासन. स्नायूला झटका दिला, हिसके देत वाकलं, की त्यातले सूक्ष्म संवेदक धोका समजतात आणि स्नायू उलट आवळून घेतो, स्वतःला वाचवायला. त्यामुळे जितकं ओढशील तितकं अडेल. सावकाश जा, थोडा ताण वाटला की तिथेच थांब, श्वास सोडत रहा, अर्ध्या मिनिटात तो थोडा सैल पडतो, मग हवं तर किंचित पुढे. गुडघे थोडे वाकव. उशीच्या काठावर बस म्हणजे ओटीपोटापासून वाकता येईल, नाहीतर पाठीचं नुसतं कुबड होतं आणि सगळा भार मणक्यांमधल्या गादीवर येतो. तळव्यांभोवती आईची जुनी ओढणी टाकून दोन्ही टोकं हातात धर. पट्टे, दोर, लाकडी ठोकळे घेऊन आसन करायची ही पद्धत आपल्या पुण्यातूनच जगभर गेली, बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथेच त्यांनी ती घडवली, आखडलेल्या, आजारी, म्हाताऱ्या माणसालाही आसनाचा फायदा मिळावा म्हणून. आधार घेणं म्हणजे कमीपणा नाही.

आणि एक खूण लक्षात ठेव, कुठल्याही आसनात श्वास अडला, धाप लागली, किंवा दात आवळले गेले, की तू आपल्या हद्दीच्या पुढे गेलायस, एक पाऊल मागे ये. कपाळ कुठे टेकतंय याच्यापेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची आहे. रीलमध्ये श्वास दिसत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६७, सातारा. शाळेपासून सूर्यनमस्कार घालतो, अजून रोज चोवीस घालतो. बीपीची गोळी चालू आहे, गेल्या वर्षी काचबिंदू निघाला, थेंब घालतो. आता एका मित्राने शीर्षासन सुचवलंय, त्याने मेंदूला रक्तपुरवठा होऊन स्मरणशक्ती टिकते म्हणतो. करावं का? आणि सूर्यनमस्कार योगात धरायचे की व्यायामात?

उत्तर : सर, शीर्षासन अजिबात करू नका, हे मी हात जोडून सांगते. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो असं तपासणीत दिसलेलं आहे, आणि काचबिंदूत तोच दाब डोळ्याच्या नसेला इजा करतो, गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि दिसायला लागलं असं यात होत नाही. नुसतं शीर्षासनच नव्हे तर सर्वांगासन, हलासन, डोकं बराच वेळ खाली राहील असं काहीच नको. सूर्यनमस्कारातही पर्वतासनाची आणि हस्तपादासनाची स्थिती येते, तिथे किती वेळ थांबता ते डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवून, अक्षरशः करून दाखवून विचारा, आणि तोवर नमस्कार बंद ठेवा. बीपीच्या गोळीमुळे वाकून पटकन वर उठताना अंधारी येऊ शकते. श्वास कुठेही कोंडून धरू नका, त्याने बीपी चढतं. मेंदूचं म्हणाल तर निरोगी शरीर उभ्या माणसाच्या मेंदूला पुरेसं रक्त पोचवतच असतं, त्यासाठी उलटं व्हायची गरज नाही.

सूर्यनमस्कारांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, औंध तुमच्याच जिल्ह्यातलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे, त्यांनी ते संस्थानातल्या शाळांमध्ये आणले आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा खूप प्रचार केला, महाराष्ट्रातल्या शाळाशाळांमधून नमस्कार पोचले त्यात त्यांचा वाटा फार मोठा. हठप्रदीपिकेतल्या आसनांमध्ये सूर्यनमस्कार नाहीत. म्हणजे परंपरेने तो व्यायाम आणि उपासना दोन्ही आहे, पुढे योगाच्या वर्गात येऊन बसला. पण सावकाश, श्वासाशी जुळवून, एकेका स्थितीत जागं राहून घातले तर त्यातून जे मिळतं ते आसनातून मिळतं तेच, मग नाव काहीही द्या. डॉक्टर नको म्हणाले तर ताडासन, खुर्चीवर बसून मानेच्या आणि खांद्याच्या हालचाली, भिंतीला हात टेकून उभं राहणं आणि भरपूर चालणं. तोलाचा सराव मात्र हवाच, खुर्चीची पाठ धरून रोज एकेका पायावर थोडं उभं रहा, या वयात पडण्यापासून वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : ताई, मी म्हापशाहून लिहितेय, वय ५४. मागच्या वर्षी माझे मिस्टर अचानक गेले. मैत्रिणीने योगाच्या क्लासला नेलं, बाकी आसनं ठीक होतात पण शेवटी शवासनात पडलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, थांबतच नाही. सगळ्यांसमोर लाज वाटते. माझं काही चुकतंय का? शवासन सोडून निघून येऊ का?

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाहीये. दिवसभर घर, नातेवाईक, बँकेची कागदपत्रं, मुलांसमोर खंबीर राहणं, या सगळ्यात तुम्ही जे धरून ठेवलंय ते शवासनात पहिल्यांदा हातातून सुटतं, कारण तिथे करायला काहीच नसतं आणि कुणी बघत नसतं. आवळलेलं पोट, घसा, छाती सैल पडली की रडू वर येतं, अनेकांना येतं, दुःख नसलेल्यांनाही येतं. हठप्रदीपिकेत शवासनाचं वर्णन एका श्लोकात आहे, जमिनीवर उताणं पडायचं, आणि फळ दोन, थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते. तुमचं चित्त किती थकलंय ते तुम्हालाच माहीत. तेव्हा या रडण्याला विश्रांतीचाच भाग समजा.

पण सगळ्यांसमोर अवघडायला होत असेल तर काही सोयी करून घ्या. शिक्षिकेला एकदा बाजूला घेऊन सांगून ठेवा, आणि जागा दारापाशी किंवा भिंतीकडेची घ्या. उताणं पडणं जड जात असेल तर उजव्या कुशीवर वळा, डोक्याखाली उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. किंवा पाय खुर्चीवर ठेवून पडा. डोळे मिटायलाच हवेत असं नाही, अर्धे उघडे ठेवून छतावरचा एखादा बिंदू बघत फक्त बाहेर जाणारा श्वास मोजा, दहापर्यंत, परत एकपासून. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुरेत, दहा मिनिटांचा हट्ट नको. आणि त्याच्या आधीचा भाग थोडा वाढवा, उभ्याची आसनं, ताडासन, त्रिकोणासन, हात वर नेऊन छाती उघडणारं काहीही. मन खचलेलं असताना लगेच निपचित पडलं तर विचार अंगावर येतात, आधी पायांत थोडी ताकद जाणवू द्या.

एक मात्र स्पष्ट सांगते. झोप आणि जेवण आठवड्याच्या आठवडे उडालं असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा आता जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर आसनांच्या भरवशावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आसनं सोबत चालू ठेवता येतात. पुन्हा लिहा मला, नक्की लिहा.

प्रश्न : कोल्हापूर, वय ३६. थायरॉईड आहे, वजन वाढलंय. सर्वांगासन केलं की थायरॉईड ग्रंथीवर दाब येऊन गोळी बंद होते असं व्हिडिओत बघितलं. किती दिवस करावं लागेल?

उत्तर : गोळी बंद करू नका. हनुवटी गळ्याला टेकली म्हणून आळसावलेली ग्रंथी जास्त हार्मोन बनवायला लागते याला भरवशाचा पुरावा नाही. आसनांचा ग्रंथींवर परिणाम होत असावा असा विचार जुन्या योगाभ्यासकांनी जरूर मांडला, पण विचार मांडणं वेगळं आणि त्यावर औषध सोडणं वेगळं. गोळी ठरल्या वेळी, रिकाम्या पोटी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी. वजनासाठी म्हणाल तर शांत बसण्यापेक्षा साध्या आसनांच्या सरावाला साधारण अडीच पट ऊर्जा लागते, भरभर चालण्याला चार पटीच्या आसपास, म्हणजे चालणंच जास्त कामाचं. आसनांनी थायरॉईडमध्ये येणारा अंगाचा जडपणा, आखडणं, चिडचिड, झोप यात फरक पडू शकतो, त्यासाठी जरूर करा. सर्वांगासन मानेला जोखमीचं आहे, व्हिडिओ बघून एकटीने नको, भिंतीला पाय वर लावून पडणं सुरुवातीला पुरेसं आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगी ९ वर्षांची, शाळेत योगा सुरू झालाय, तिला खूप आवडतो. सासूबाईंना ओंकाराची काळजी वाटते. शिवाय ती घरी येऊन डोक्यावर उभी राहायला बघते, जेवल्यावर लगेच. काय करू?

उत्तर : सासूबाईंना सांगा की पाठ, पाय आणि श्वास यांना धर्म नसतो. ओंकार न म्हणता, गप्प राहून किंवा तुमची स्वतःची प्रार्थना मनात म्हणून आसनं करता येतात, आणि शाळेने त्याची मुभा द्यायला हवी, बाईंना भेटून मोकळेपणाने बोला, बहुतेक शिक्षक समजून घेतात. पोरीला आवडतंय हे केवढं छान आहे. या वयात मुलांना एका स्थितीत फार वेळ धरून ठेवू नये, मांजर, उंट, झाड, बेडूक असं खेळत खेळत, तोल आणि लवचिकता येऊ द्यावी. डोक्यावर उभं राहणं मात्र नाही, मान अजून त्या भाराला तयार नाही, त्याऐवजी पलंगावर पडून पाय भिंतीला वर लावू द्या, तिला उलटं झाल्याचा आनंद मिळेल. आणि जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्यायचे, नुसता नाश्ता झाला असेल तर दीड-दोन तास. तेवढा धीर धरवत नसेल तर वज्रासनात बसवा आणि गोष्ट सांगा, जेवल्यावर चालतं असं ते एक आसन आहे, फक्त पायाला मुंग्या आल्या की लगेच उठू द्या.